चैत्रातील कढण

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावातील शोभायात्रेत ढोलताशांमागून उन्हातान्हात चाललेला गृहस्थ घरी परतला, की श्रीखंडाच्या दोन वाट्या रिचवून पंख्याखाली आडवा होतो. आणि वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’तील ऋतुचर्येच्या अध्यायात वसंतासाठी जे जे वर्ज्य सांगितले आहे, म्हणजे गुरू, शीत, स्निग्ध, अम्ल व मधुर अन्न आणि वर दिवसाची निद्रा, ते सारे तो एकाच दुपारी उरकून टाकतो. सकाळी तोंड वाकडे करून चाखलेला कडुनिंबाचा कोवळा पाला, एवढाच काय तो शास्त्राचा मान. श्रीखंडाविरुद्ध फिर्याद गुदरण्याचा माझा मुळीच इरादा नाही. सण तो सण. फिर्याद आहे ती पाडवा उलटल्यावरच्या दिवसांबद्दल.

शिशिरात साचलेला कफ वसंतातील सूर्यतापाने पातळ होऊन जठराग्नी मंद करतो, ही वाग्भटाची उपपत्ती आजच्या वैद्यकास मान्य असो वा नसो, चैत्राच्या दमट उकाड्यात दादर-परळच्या माणसाची अन्नावरची वासना उडते, हे ज्याने त्याने अनुभवलेले आहे. अशा संध्याकाळी उपाहारगृहात शिरून काही हलके मागवावे, तर पुढ्यात येते ते मक्याच्या पिठाने दाट केलेले, साखर पडलेले, वर तळलेल्या पावाचे तुकडे तरंगणारे टोमॅटोचे सूप, आणि तेही बारमाही. त्याला हलकेपणाचा दाखला कोणत्या कचेरीतून मिळाला, देव जाणे!

वास्तविक याच सुमारास दादरच्या बाजारात शेवग्याच्या शेंगांच्या जुड्या जागोजाग मांडलेल्या दिसतात. चार-पाच कोवळ्या शेंगांचे बोटभर तुकडे आणि पाव वाटी मुगाची डाळ सहा वाट्या पाण्यात हळदीसह मऊ शिजवावी. शेंगा उभ्या उकलून आतला हिरवट गर चमच्याने खरवडावा, चाळणीवर चोळून चोथा तेवढा मागे ठेवावा, आणि गर डाळीत घोटून, किसलेले आले, भरड मिरी व मीठ घालून सणसणीत उकळी आणावी. वर चमचाभर तुपात जिऱ्याची फोडणी. जो काही दाटपणा हवा तो शेंगेचा गरच देतो, पिठाची तजवीज करावी लागत नाही. आमसूल टाकण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्याने शेंगेची मूळ चव लोपते, आणि या मुद्द्यावर, कोकणी वाचकांनी क्षमा करावी, वाग्भटही माझ्याच बाजूचा आहे. याच दिवसांत लालबागच्या मिरची गल्लीत वर्षाच्या मसाल्याची खरेदी जोरात असते व वाटसरू शिंकून बेजार होतात. त्या मिरचीचाही अंमल या कढणावर बसू देऊ नये.

इतका सोपा, स्वस्त जिन्नस थाळीतून हद्दपार का झाला, याचे कारण मला परळात दिसते. के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालचे, टाटा रुग्णालय १९४१ सालचे; भेटीच्या वेळेस तेथले जिने चढणाऱ्या नातलगांच्या डब्यांत मऊ भात आणि मुगाचे कढण हटकून असायचे. कढण म्हणजे पथ्य आणि पथ्य म्हणजे दुखणे, असे समीकरण आपण पक्के करून टाकले, आणि धडधाकट माणसाच्या पानाशेजारी कढणाची वाटी ठेवली तर तो दचकून विचारतो, “मला काय धाड भरली आहे?” आजाऱ्याला जे पचते ते निरोग्यालाही रुचू शकते, ही साधी गोष्ट आपल्या ध्यानी येत नाही.

दादर-गिरगावच्या मराठी उपाहारगृहांचे मालक पियूष आणि कोथिंबीरवडी निष्ठेने सांभाळीत आले आहेत, चैत्र लागताच कैरीचे पन्हेही फळ्यावर लिहितात. त्यांना माझी विनंती एवढीच, की त्या पन्ह्याखाली अक्षय्यतृतीयेपर्यंत आणखी एक ओळ लिहावी: शेवग्याचे कढण, गरम. दर सुपाइतकाच लावला तरी माझी हरकत नाही.