पडदा वाढवा, पण तुकोबांना ताणू नका

सिनेमाचा पडदा उद्या किती रुंद होणार यावर हल्ली पुष्कळ छापून येतं. म्हणे उंचीच्या चौपट रुंदी, चित्र तिन्ही भिंतींवर, आणि कमी पडेल ते संगणक रंगवून देईल. मी सरकारी कारकून, तंत्रज्ञ नव्हे. पण २००४ पासून इफ्फी पणजीत भरू लागला आणि रजा टाकून सिनेमे पाहायची खोड लागली, तेव्हा दोन शब्द लिहायला हरकत नसावी.

चौपट रुंदीत नवं काहीच नाही. फ्रान्सच्या आबेल गान्सने १९२७ साली 'नेपोलियन'चा शेवट तीन पडदे शेजारी मांडून दाखवला होता. १९५२ साली अमेरिकेत सिनेरामा आला: तीन कॅमेरे, तीन प्रोजेक्टर आणि भलामोठा वक्र पडदा. टीव्हीने पळवलेला प्रेक्षक परत आणायची ती धडपड. चित्रांचे सांधे मात्र दिसायचे. पुढच्याच वर्षी सिनेमास्कोपने एका भिंगावर काम भागवलं.

आपल्याकडे सिनेमास्कोप आणला गुरुदत्तने, १९५९च्या 'कागज के फूल'मध्ये. (घरात कोकणी बोलणारा माणूस, म्हणून आम्हाला जरा जास्तच जवळचा.) रुंद पडदा मिळाल्यावर लोक घोडदळ आणि डोंगर दाखवतात. त्याने आणि छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी रिकामा स्टुडिओ दाखवला, त्यात एकटा म्हातारा दिग्दर्शक. तो एकटेपणा त्या रुंदीशिवाय उभाच राहिला नसता. रुंदी अशी आधी मनात असावी लागते.

'शोले'चं उलटं. तो ३५ मिमीवर चित्रित झाला आणि मग ७० मिमीचा केला. त्या रुंद चौकटीत बसवायला चित्राची वरची-खालची पट्टी कापावी लागली. पण तो निर्णय निर्मात्या-दिग्दर्शकांचा होता.

माझं भांडण आहे ते मागाहून होणाऱ्या रुंदीकरणाशी. ऑगस्ट २०२५ मध्ये लास वेगासच्या 'स्फिअर'मध्ये १९३९चा 'विझार्ड ऑफ ऑझ' लागला. घुमटाएवढा पडदा भरायला कृत्रिम बुद्धिमत्तेने चौकटीबाहेरचं जग बनवलं, पात्रांची न चित्रित झालेली अंगंसुद्धा. वर १०२ मिनिटांचा सिनेमा सुमारे ७५ मिनिटांचा केला.

आता साधं कारकुनी गणित करू. जुन्या सिनेमाची चौकट उंचीच्या १.३७ पट. उंची तीच ठेवून ती चौपट केली, तर पडद्यावरचं जवळपास दोन तृतीयांश चित्र कोणीच काढलेलं नसेल. आमच्याकडे मूळ फाइलीत नसलेलं पान घुसवलं तर चौकशी लागते. इथे त्याचं तिकीट लावतात.

दुरुस्तीला माझा विरोध नाही. निगेटिव्ह नीट स्कॅन करा, ओरखडे काढा, थरथर थांबवा, आवाजातली खरखर कमी करा. 'प्रभात'च्या सिनेमांसाठी हे जितकं होईल तितकं थोडं. पण दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनीस चौकटीत बसतात ते तिथेच बसलेले असावेत. बाजूला संगणकाने आणखी दहा वारकरी उभे करायचं कारण नाही. आजच घराघरांतल्या टीव्हीवर जुने सिनेमे आडवे ताणून पाहतात, तुकोबा पैलवान दिसतात, आणि कोणाला काही वाटत नाही! दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या म्हणजे टीव्हीतला बिघाड, असा समज झालाय.

आणि आपल्या माणसांना काळ्या पट्ट्यांची भीती का असावी? पेडण्याकडच्या दशावतारात एका बाकड्यावर दरबारही भरतो आणि अरण्यही उभं राहतं. उरलेलं पाहणारा भरतो.

नव्या पडद्यासाठी नवे सिनेमे खुशाल काढा. मी पहिल्या खेळाला रांगेत उभा राहीन. जुना सिनेमा रुंद केलाच, तर तसं तिकिटावर लिहा, सुरुवातीच्या पाटीवर लिहा, आणि मूळ चौकटीतली प्रत त्याच शहरात, त्याच आठवड्यात दाखवायची अट घाला. इफ्फीत जुने सिनेमे दाखवताना तरी एवढं सहज जमेल.