घरच्या विजेवर टिग वेल्डिंग : पहिलें यंत्र कोणतें घ्यावें?

एकत्र कुटुंबांत नवी वस्तु घरांत आणावयाची म्हणजे तो प्रश्न एकट्या घेणाराचा राहत नाहीं. तिला लागणारा पैसा, तिनें अडविलेली जागा आणि तिच्यापासून संभवणारा धोका या सर्वांत घरांतील लहानथोर वांटेकरी असतात. हल्ली सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांतून मुलें-मुली सुटीच्या दिवशीं हातानें कांहीं घडवावें म्हणून टिग वेल्डिंगचें लहान यंत्र मागूं लागलीं आहेत. आणि वडील मंडळींस त्यांत पैसे घालावे कीं नाहीं, हें उमगत नाहीं. या मासीं त्याच प्रश्नाचा विचार करूं.

पुस्तकी घरांतील मुलानें लोखंडास हात लावणें यांत कमीपणा नाहीं, हें आपल्या भागास नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगांवास आले, कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करूं लागले, आणि १९१० सालीं औंध संस्थानच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आपला कारखाना घेऊन गेले. आजच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी ती हीच. तेव्हां मुलाच्या हौसेस नाहीं म्हणण्यापूर्वीं ती हौस कशी आहे, हें तरी वडिलांनीं समजून घ्यावें.

नेहमींच्या वेल्डिंगमध्यें कांडी स्वतःच वितळून सांध्यांत उतरते. टिगमध्यें कांडी टंगस्टनची असते. हा धातु सुमारें ३४०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाहीं. त्यामुळें ठिणगीची ज्योत स्थिर राहते, व भरावाची तार दुसऱ्या हातानें हळूहळू द्यावयाची असते. तापलेल्या धातूस हवा लागूं नये म्हणून भोंवतीं आर्गॉन वायूचा झोत सोडतात. १९४१ च्या सुमारास अमेरिकेंत नॉर्थ्रॉप विमान कंपनीच्या रसेल मेरेडिथ यांनीं मॅग्नेशियम जोडण्यासाठीं ही रीत सिद्ध केली. त्यांनीं वापरला तो वायु हेलियम होता. आर्गॉनचा शोध १८९४ सालचा. ग्रीक भाषेंत 'एर्गॉन' म्हणजे काम, आणि त्याच्या आधींचा 'अ' आपल्या संस्कृतांतील 'अ'सारखाच नकारार्थी. काम न करणारा तो आर्गॉन! कोणाशींही संयोग न पावणें हाच येथें त्याचा गुण ठरतो.

आतां मुख्य मुद्दा. दुकानांत यंत्रावरील मोठा आंकडा पाहून भुलूं नये. आपल्या घरीं २३० व्होल्टची एकफेजी वीज येते, आणि तेथील मोठें सॉकेट १६ अँपिअरचें असतें. पोलादास जाडीच्या दर मिलिमीटरामागें सुमारें ४० अँपिअर, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ३ मिलिमीटरच्या पत्र्यास १२० अँपिअर पुरे. टिगच्या ज्योतीचा दाब अवघा १५ व्होल्टच्या आसपास असल्यामुळें १२० अँपिअरच्या कामास साधें इन्व्हर्टर यंत्र भिंतींतून सुमारें १३ अँपिअर ओढतें. तेंच यंत्र २०० अँपिअरवर चालविल्यास ओढ २५ च्या वर जाते, व सॉकेट तापतें. तात्पर्य, २०० आंकड्याचें यंत्र घेण्यास हरकत नाहीं. पण तो आंकडा घरच्या सॉकेटवर वापरावयाचा नाहीं. यंत्रास मीटरपासून स्वतंत्र, पुरेशा जाडीची तांब्याची तार, निराळा एमसीबी व उत्तम अर्थिंग जाणत्या तारतंत्र्याकडून करून घ्यावें. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही आधीं पाहावा. खेड्यांत सायंकाळीं दाब उतरतो. म्हणून यंत्र किती व्होल्टपर्यंत नीट चालतें, हें विचारावें.

दुसरा आंकडा 'ड्यूटी सायकल'चा. तो ६० टक्के असेल तर त्या अँपिअरवर दहा मिनिटांत सहा मिनिटें जोडकाम व चार मिनिटें विश्रांति, असा अर्थ. कोणत्या अँपिअरवर ६० टक्के, हें न सांगणारा विक्रेता अर्धेंच सांगत आहे असें समजावें.

तिसरा प्रश्न डीसी कीं एसी? पोलाद व स्टेनलेस यांस डीसी पुरतें. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें, पण त्यावरील ऑक्साइडची साय दोन हजार अंशांपर्यंत वितळत नाहीं. ती फोडण्यास एसी लागते. दोन्ही प्रवाहांचें यंत्र पुष्कळ महाग पडतें. नवशिक्यानें केवळ डीसी यंत्र घ्यावें, असें आमचें मत आहे. मात्र त्यांत हाय-फ्रिक्वेन्सी ठिणगीची सोय असावी. कारण कांडी घासून ज्योत लावतांना टंगस्टनचें टोंक सांध्यांत अडकतें व शिकणाराचें मन खट्टू होतें. ज्योत विझल्यावरही कांहीं सेकंद वायु चालू राहण्याची सोय हवीच. पल्स इत्यादि अलंकार पुढें पाहतां येतील.

पैशाचा हिशेब करतांना यंत्रावरच सर्व थैली रिकामी करूं नये. सिलिंडर, रेग्युलेटर, तार व शिरस्त्राण यांसाठीं निदान अर्धी रक्कम राखावी. दहा लिटरच्या सिलिंडरांत १५० बारच्या दाबानें सुमारें १५०० लिटर आर्गॉन मावतो. मिनिटास ८ लिटर धरल्यास तो तीन तासच पुरतो. म्हणून आधीं सांगली-मिरज-कुपवाड किंवा सातारा येथील औद्योगिक वसाहतींच्या आसपास आर्गॉन कोण भरून देतो, अनामत किती, हें ठरवावें. मग यंत्र घ्यावें. वायु शुद्ध आर्गॉनच हवा. कार्बन डायऑक्साइडचें मिश्रण टंगस्टन जाळतें.

आतां वडिलांच्या काळजीविषयीं. ही ज्योत उघड्या डोळ्यांनीं पाहणें म्हणजे डोळ्यांचा घात. नातवंडें कुतूहलानें दारांतून डोकावतात, म्हणून पडदा लावूनच काम करावें. अंगांत सुती कपडे असावे, नायलॉन नसावें. आर्गॉन हवेपेक्षां जड असून बंद खोलींत तळाशीं सांचतो व गुदमरवितो. म्हणून काम ओसरींत किंवा परसांत, वाऱ्याचा झोत चुकवून करावें. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यास ज्योत लावूं नये. त्याच्या धुरानें थंडी वाजून ताप येतो. क्लोरीनयुक्त द्रव लावून सांधा पुसूं नये. ज्योतीपाशीं त्यापासून विषारी वायु बनतो. लाल टोंकाच्या थोरिएटेड कांडीची धूळ किरणोत्सर्गी असते. तिच्याऐवजीं लँथेनेटेड कांडी घ्यावी. हृदयास पेसमेकर बसविलेल्या वृद्धांनीं हाय-फ्रिक्वेन्सीच्या यंत्रापासून दूर राहावें.

शेवटीं एक सूचना. मुलानें यंत्र मागितलें कीं लगेच बाजार गांठूं नये. सातारा व सांगली येथें सरकारी आय. टी. आय. आहेत, आणि लहान वर्कशॉपेंही पुष्कळ आहेत. एखाद्या जाणत्या वेल्डरापाशीं मुलास चार रविवार बसवावें, सांधा करतांना पाहूं द्यावें, परवानगी मिळाल्यास हात चालवूं द्यावा. इतकें करूनही ज्याचा उत्साह उरतो, त्याच्या हातीं यंत्र देण्यास कचरूं नये. तें पहिल्या महिन्यांत वांकडेतिकडे सांधे देईल. पण शिकणाराचा हात हळूहळू सुधारतो, आणि घरचें गंजलेलें फाटक त्यानेंच एक दिवस नीट जोडल्यास खर्चाचा हिशेब कोणीही पुन्हां मागणार नाहीं.