लेव्ही कापडावर लावा

भिवंडीत यंत्रमाग कारागिरांच्या पीएफ-ईएसआयचा विषय काढला की मागवाल्यांचं उत्तर ठरलेलं: कारागीर टिकतच नाही, पीएफ कोणाचा भरायचा? होळीला गावी गेलेला माणूस परत येतो तो दुसऱ्याच शेडमध्ये, हे खरंच आहे. पण शेड बदलली तरी बारा तासांची पाळी तीच, छातीत जाणारा कापसाचा तूस तोच, भिशीतली, म्हणजे खानावळीतली, उधारीही तीच. बदलतो तो फक्त मालक. मग कारागिराचं आजारपण आणि म्हातारपण मालकाच्या वहीला का बांधायचं?

बांधल्याचा परिणाम समोर आहे. ईएसआयला १० कामगार लागतात, पीएफला २०. म्हणून एकाच छपराखालचे माग भावाच्या, बायकोच्या, मुलाच्या नावावर वाटले जातात. कागदावर चार कारखाने, आणि दहा माणसं एकातही नाहीत! मालक बदलला तरी पीएफचा यूएएन नंबर कायम राहतो म्हणतात. राहतो, पण भरणाच झाला नाही तर त्या नंबरात काय असणार?

दुसरा पक्ष म्हणतो, मालकाला मोकळं करा, सगळं सरकारने द्यावं. हे मला साफ नामंजूर आहे. दवाखाने सरकारने चालवावेतच. पण कापडावर कमावणाऱ्याने आपला वाटा उचललाच पाहिजे. शिवाय इथला खरा धनी बहुतेकदा शेडवाला नसतोच. व्यापारी सूत देतो, मीटरमागे मजुरी मोजून कापड उचलतो, आणि कामगार कायद्याच्या कागदावर त्याचं नावही येत नाही.

यावरचा तोडगा महाराष्ट्रानेच काढलेला आहे. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमाल दिवसात चार गाळ्यांवर ओझी वाहतो; मजुरी आणि तिच्यावर मालकाने भरायची लेव्ही माथाडी मंडळात जमा होते, आणि त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, औषधपाणी मिळतं. मालक कितीही बदलोत, त्याची नोंद मंडळातच राहते. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारे निघाले, हा आक्षेप रास्त आहे आणि त्यांना तुरुंगातच टाकावं. त्यासाठी मंडळं मोडायचं कारण नाही.

तसंच मंडळ मागांसाठी हवं, आणि लेव्ही मीटरवर, व्यापाऱ्याच्या बिलातून घ्यावी. लेव्ही फक्त महाराष्ट्रात लागली तर धंदा सुरतेला जाईल, ही भीती मात्र खोटी नाही. म्हणूनच हे काम एकट्या राज्याचं नाही. २०२० च्या केंद्रीय सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप कंपन्यांकडून त्यांच्या कामगारांसाठी उलाढालीच्या १ ते २ टक्के घेण्याची तरतूद आहे. तिथेच मागावरच्या कारागिरासाठी कलम घाला, म्हणजे भिवंडी, मालेगाव, सुरत सगळीकडे लेव्ही एकच पडेल.