श्लोक ओठांवर, लक्ष पडद्यावर

अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेर हे तालुक्याचे गाव आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या या मुलखाला अन्नाचे मोल कोणी शिकवावे? पेरणीपासून मळणीपर्यंत दाण्यादाण्यासाठी ज्यांचा घाम गळतो, त्यांना ‘लक्ष देऊन जेवा’ असे सांगणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणेच, असे कोणालाही वाटेल. परंतु चित्र बदलले आहे. दिवसभर राबून आलेला माणूस हातपाय धुऊन ताटावर बसतो, समोर भाकरी येते आणि त्याच क्षणी डाव्या हातात मोबाईल येतो. शेजारी आई लहानग्याला भरवत असते. पडदा दिसल्याखेरीज त्या लेकराचे तोंड उघडत नाही. तासाभराने विचारले तर ताटातली भाजी कोणती होती ते आठवत नाही, पडद्यावर काय पाहिले ते मात्र तपशिलासह आठवते. हे चित्र मुंबई-पुण्याच्या सदनिकांत आहे, तसेच ते नेरमध्ये आणि नेरसारख्या शेकडो गावांत आहे.

पाश्चात्त्य जगाने या रोगावर आपल्या पद्धतीने औषध शोधले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली ताणमुक्तीचा एक कार्यक्रम सुरू केला. त्याची प्रेरणा बौद्ध ध्यानपरंपरा आणि योग यांतून आलेली. त्यात एक साधा प्रयोग असतो. एकच मनुका तळहातावर घ्यायची, निरखायची, हुंगायची आणि मग सावकाश चावायची. पुढे यालाच ‘माइंडफुल ईटिंग’ म्हणजे सजग भोजन असे नाव मिळाले आणि आज त्याच्या सशुल्क कार्यशाळा भारतातील महानगरांतही भरतात. पूर्वेकडून गेलेली वस्तू नवे वेष्टन लेवून, किमतीची चिठ्ठी लावून परत आली, एवढाच याचा अर्थ.

अशा वेळी एक ठरलेली प्रतिक्रिया उमटते : ‘हे तर आमच्याकडे होतेच!’ हा दावा खोटा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचे नियम दिलेले आहेत. अन्न उष्ण व स्निग्ध असावे, योग्य मात्रेत घ्यावे, आधीचे पचल्यावरच घ्यावे, फार घाईने किंवा फार रेंगाळत जेवू नये, बडबड व हास्यविनोद टाळून मन लावून जेवावे. त्याच स्थानात पुढे पोटाचे तीन भाग कल्पून एक भाग घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक वातादी दोषांच्या हालचालीला मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. आपोष्णीचे पाणी, ताटाभोवतीच्या चित्राहुती, गोग्रास आणि काकबळी यांचे व्यावहारिक कार्य काय होते? भुकेला हात घासाकडे झेपावण्यापूर्वी त्याला क्षणभर थांबवणे आणि आपल्याआधी दुसऱ्या कोणाचा तरी वाटा काढायला लावणे.

मात्र जे ग्रंथात आहे ते ताटात आहे काय? खरा प्रश्न हाच आहे. अमेरिकेतील मनुकेला हसणाऱ्यांच्या घरी चित्राहुती उरलेल्या नाहीत, आणि जेथे उरल्या आहेत तेथेही पाण्याचे चक्र पूर्ण होताच दूरचित्रवाणीचा आवाज वाढवला जातो. श्लोक ओठांवर असतो आणि लक्ष पडद्यावर! परंपरेचा अभिमान हा आचरणाचा पर्याय होऊ शकत नाही. जो समाज केवळ ‘आमच्याकडे होते’ या वाक्यावर समाधान मानतो, तो ते आता नाही याचीच कबुली देत असतो.

विदर्भाला तर याचे स्मरण देण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात गजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले, ते टाकून दिलेल्या पत्रावळींवरील भाताची शिते वेचून खाताना, अशी भक्तांची श्रद्धा आहे. दासगणूंनी ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात हा प्रसंग वर्णिला आहे. वऱ्हाडातील घराघरांत या ग्रंथाचे पारायण होते. पण पारायण संपवून लग्नाला गेलेला तोच भाविक चार गोड पदार्थ एकावर एक रचतो, दोन घास खातो आणि ताट टोपलीत रिकामे करतो. पळसाच्या पत्रावळीवर रोडगे आणि वांग्याची भाजी वाढणारी पंगत निदान विचारून वाढत होती. बुफेच्या रांगेत विचारणारा कोणी नाही आणि लाजणाराही कोणी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे साठ टक्के घराघरांतून गेले. तेव्हा दोष केवळ हॉटेलांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

हा नुसता संस्काराचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी विज्ञानाचे म्हणणे ऐकावे. पोट भरल्याचा संदेश मेंदूपर्यंत पूर्णपणे पोहोचायला वेळ लागतो. घाईने जेवणारा त्याआधीच गरजेपेक्षा अधिक खाऊन बसतो. २०१३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’ या नियतकालिकात २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. लक्ष विचलित असताना माणूस त्या वेळी तर जास्त खातोच, पण पुढच्या जेवणात त्याहूनही जास्त खातो, असे त्यात आढळले. जेवल्याची आठवणच पक्की होत नाही, मग तृप्ती टिकणार कशी? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ग्रामीण भागातही त्याचे प्रमाण ८.९ टक्के आहे. कष्टकऱ्याला मधुमेह होत नाही, हा समज आता गावाने सोडून दिलेला बरा.

यावर आक्षेप येईल की, ज्याच्या ताटात पुरेसे नाही त्याला मन लावून जेवण्याचा उपदेश ही क्रूर थट्टा आहे. आक्षेप रास्त आहे आणि तो भरल्या पोटाच्या उपदेशकांनी ऐकलाच पाहिजे. उपाशी माणसाला हवे असते ते अन्न. परंतु आज गरिबाचीच फसवणूक सर्वांत स्वस्तात होते. विदर्भाच्या शिवारातून ज्वारी हटत गेली आणि सोयाबीन आले. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून गाजले, पण चून-भाकरीची जागा पाच-दहा रुपयांच्या चटपटीत पाकिटाने घेतली ती घेतलीच. मजुरीला निघालेली आई पोराच्या हातावर तेच पाकीट ठेवते. तळलेले पीठ आणि मीठ यांची ही चव अशी बेतलेली असते की, हात आपोआप पुन्हा पाकिटात जावा. लक्ष न देता खाण्यावरच ज्यांचा धंदा चालतो, त्यांच्यापुढे सजगता ही गरिबाची ढाल आहे; ती चैन नव्हे.

आणखी एक प्रश्न परंपरेच्या अभिमान्यांनी टाळू नये. सर्वांची ताटे होईपर्यंत चुलीपुढे उभी राहणारी घरातील स्त्री कधी जेवते? सर्वांत शेवटी, गार झालेले, उरलेले आणि बहुधा उभ्या उभ्या. चरकाने सांगितलेले उष्ण अन्न आणि एकाग्र मन हे नियम काय फक्त पुरुषांसाठी होते? जिने शिजवले तिलाच जेथे निवांत घास मिळत नाही, त्या घरात अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणे हे केवळ तोंडपाठ वाक्य ठरते. भोजनाचा संस्कार जपायचा असेल, तर तिचे पान सर्वांसोबत मांडणे येथूनच त्याचा आरंभ व्हावा.

या सगळ्याला कार्यशाळेची गरज नाही आणि खर्चही नाही. दिवसातून निदान एक जेवण घरातील सर्वांनी एकत्र घ्यावे. मोबाईल आणि दूरचित्रवाणी तेवढा वेळ बंद राहावी. पहिले वाढप कमी असावे, हवे तर पुन्हा मागावे. घास नीट चावून मगच पुढचा उचलावा. लेकराला भरवताना पडद्याऐवजी त्या भाजीचे नाव सांगावे, ती कोणाच्या वावरातून आली ते सांगावे. नेरच्या मुलाला तुरीचे वरण समोर आल्यावर तुरीचे शेत आठवले नाही, तर उद्या तेथे शेती कोणी करावी आणि कशासाठी करावी?

राष्ट्राच्या आरोग्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी आज रात्रीपासून आपल्या घरातला मोबाईल जेवणापुरता दुसऱ्या खोलीत ठेवून पाहावा. एवढेही जमत नसेल, तर उपनिषदांची आणि चरकाची नावे घेणे त्यांनी थांबवावे.