विश्लेषण : वॉकी-टॉकीच्या खोक्यावरचे किलोमीटर डोंगरात का चालत नाहीत?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला महापुराने वेढले. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगावात दरडी कोसळल्या. अशा वेळी वीज जाते, मोबाइल टॉवरही बंद पडू शकतात. त्यामुळे गावाने, ट्रेकिंग गटाने किंवा ऊसतोडीच्या मुकादमाने वॉकी-टॉकी घेणे शहाणपणाचेच. फक्त खोक्यावरचा ‘रेंज’चा आकडा पाहून घेऊ नये.

या संचांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मोकळ्या सपाटीवर उभ्या दोन माणसांना पृथ्वीची गोलाईच दहा किलोमीटरच्या आसपास अडवते. पलूसकडच्या उंच, ओल्या उसात तर एक-दोन किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. तोच संच अजिंक्यताऱ्यावरून साताऱ्यात सहज बोलतो. मात्र मध्ये डोंगराची सोंड आली, की जास्त वॉटचा संचही फारसा उपयोगी नाही. तिथे माथ्यावर रिपीटर लागतो आणि त्यासाठी परवाना.

विनापरवाना वापरायचा असेल, तर संच ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, कमी शक्तीचा आणि ‘ईटीए’ मंजुरीचा हवा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त, पाच वॉटचे संच बहुधा यात बसत नाहीत. फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती विक्रेत्याने द्यावी, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ती नसेल, तर खरेदी टाळावी. हॅम परवाना काढून धंद्याचे निरोप देण्याची पळवाटही नाही. तो छंदासाठी असतो.

आधी दोनच संच घ्यावेत. एक शाळेच्या गच्चीवर, दुसरा नदीकाठी, असे पावसाळ्याआधी बोलून पाहावे. बाकीची खरेदी त्यानंतर.