एक च, दोन आवाज

गेल्या रविवारी माझी नात मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होती. ‘गुरांना चारा मिळेना’ यातला ‘चारा’ तिने ‘चार’मधला च लावून वाचला. मी हसलो. ती म्हणाली, ‘‘आजोबा, अक्षर तर तेच आहे ना?’’ माझे हसू तिथेच थांबले. पोरीचे खरे होते.

मराठी जशी बोलतात तशीच लिहितात, असे आपण अभिमानाने सांगतो. बऱ्याच अंशी ते खरेही आहे. पण च, ज, झ यांपाशी गाडी अडते. ‘चार’मधला च तालव्य, ‘चारा’मधला दंततालव्य. ‘हे जग सुंदर आहे’ आणि ‘तू सुखाने जग’ यांतले ज निराळे. ‘घरचा’ म्हणताना जीभ दातांमागे जाते, ‘घरची’ म्हणताना टाळूला लागते. आपल्या रोजच्या लिहिण्यात याची खूण नाही. आजवर हा फरक कानांनी सांभाळला. मूल आई-आजीच्या तोंडून आवाज शिकून शाळेत येई. गुरुजींनी फक्त अक्षर गिरवून घ्यायचे.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून राज्यात वादळ उठले. एप्रिल आणि जूनमधले शासन निर्णय सरकारने २९ जूनला रद्द केले. चर्चा झाली ती अस्मितेची आणि दप्तराच्या ओझ्याची. लिपी एकच, मग अवघड ते काय, असेही विचारले गेले. मला अडचण नेमकी तिथेच दिसते. हिंदीत दंततालव्य च नाही. आपले ‘द्न्यान’ हिंदीत ‘ग्यान’ होते. लिहायचे दोन्हीकडे ‘ज्ञान’च. ‘पैसा’तला ऐसुद्धा दोन्हीकडे वेगळा. नुकते वाचू लागलेल्या सहा वर्षांच्या मुलाने कोणता आवाज धरायचा?

यात हिंदीचा दोष नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला. पण घरात मराठी कानांवर पडली नाही, तर मुलाच्या हाती नुसते अक्षर उरते. पहिली-दुसरीच्या पुस्तकांत दंततालव्य अक्षराखाली एखादे टिंब द्यायला काय हरकत आहे? वर्गात रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवायला तर खर्चही नाही.

नातीला मी ‘चारा’ म्हणून दाखवला. तीनदा चुकला. चौथ्यांदा जमला.