विश्लेषण : अंतिम सामना अनिर्णित, तरी रणजी करंडक विदर्भाकडे कसा?

नागपूरच्या जामठा मैदानावर २ मार्च २०२५ रोजी, रविवारी, विदर्भाच्या खेळाडूंनी रणजी करंडक उंचावला. धावफलकावर मात निकालाच्या जागी ‘सामना अनिर्णित’ असे लिहिलेले होते. विदर्भाने केरळला हरवले नाही आणि केरळही हरला नाही. तरीही एक संघ विजेता ठरला आणि दुसरा उपविजेता. विजेत्याला पाच कोटी रुपये मिळाले, तर उपविजेत्याला तीन कोटी. हा फरक पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीने पडला. हा नियम नेमका काय आहे आणि तो न्याय्य आहे का, याची चर्चा त्यामुळे पुन्हा सुरू झाली आहे.

अंतिम सामन्यात काय घडले?

केरळने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले आणि विदर्भाची अवस्था ३ बाद २४ केली. तिथून दानिश मालेवार (१५३) आणि करुण नायर (८६) यांनी २१५ धावांची भागीदारी रचली. विदर्भाने ३७९ धावा केल्या. उत्तरादाखल केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाला आणि त्यानंतर डाव फार टिकला नाही. विदर्भाचाच माजी खेळाडू आदित्य सरवटे याने केरळकडून ७९ धावा केल्या, पण संघ ३४२ धावांत आटोपला.

दुसऱ्या डावात ७ धावांवर २ गडी गमावल्याने विदर्भावर दडपण आले होते. नायर ३१ धावांवर असताना स्लिपमध्ये त्याचा झेल सुटला. त्यानंतर त्याने १३५ धावा केल्या आणि केरळच्या आशा मावळल्या. पाचव्या दिवशी विदर्भाने डाव घोषित केलाच नाही. ९ बाद ३७५ अशी धावसंख्या असताना दोन्ही कर्णधारांनी हस्तांदोलन केले. तेव्हा विदर्भाची एकूण आघाडी ४१२ धावांची होती.

नियम काय सांगतो?

रणजी स्पर्धेतील साखळी सामने चार दिवसांचे, तर बाद फेरीचे सामने पाच दिवसांचे असतात. साखळीत निर्णायक विजयाला ६ गुण मिळतात. डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास एक जादा गुण मिळतो. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघाला ३, तर पिछाडीवरील संघाला १ गुण मिळतो. बाद फेरीत गुणांचा प्रश्नच नसतो. तिथे सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ थेट पुढे जातो. अंतिम सामन्यात तोच विजेता ठरतो.

आघाडीमुळे डावपेच कसे बदलतात?

आघाडी मिळाली की त्या संघाला सामना जिंकण्याची गरज उरत नाही, फक्त हरायचे नसते. पिछाडीवरील संघाला मात्र जिंकावेच लागते. त्यामुळे धोका पत्करायचा तो एकाच बाजूने. विदर्भाने डाव घोषित करून केरळला ४१३ धावांचे लक्ष्य दिले असते, तर त्यात मिळवण्यासारखे काहीच नव्हते. गमावण्यासारखे मात्र सारे काही होते.

याच केरळने उपांत्यपूर्व फेरीत नेमका उलटा अनुभव घेतला होता. पुण्याजवळील गहुंजे येथे जम्मू-काश्मीरने पहिल्या डावात २८० धावा केल्या. केरळची अवस्था ९ बाद २०० झाली होती. पण सलमान निझार (नाबाद ११२) आणि बासिल थंपी यांनी अखेरच्या गड्यासाठी ८१ धावा जोडल्या आणि केरळने २८१ धावा केल्या. आघाडी मिळाली ती अवघ्या एका धावेची! मग जम्मू-काश्मीरला डाव घोषित करून ३९९ धावांचे लक्ष्य द्यावे लागले. केरळने ६ बाद २९५ पर्यंत खेळून सामना वाचवला आणि उपांत्य फेरी गाठली.

अहमदाबादेतील उपांत्य सामना त्याहून चुरशीचा झाला. केरळच्या ४५७ धावांना उत्तर देताना पाचव्या दिवशी गुजरातला आघाडीसाठी तीन धावा हव्या होत्या आणि एकच गडी शिल्लक होता. अर्झान नागवासवालाने जोरदार फटका मारला. चेंडू शॉर्ट लेगवरील निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात विसावला. गुजरातचा डाव ४५५ धावांवर संपला. त्या दोन धावांच्या आघाडीवर केरळ इतिहासात प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला.

नियमाचा फटका केरळला बसला का?

अंतिम सामन्यापुरते पाहिले तर हो. पण एक धाव आणि दोन धावांच्या आघाडीवर दोनदा पुढे आलेल्या संघाला ३७ धावांच्या आघाडीबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. शिवाय संपूर्ण हंगामाचा हिशेब मांडला, तर चित्र अधिक स्पष्ट होते. दोन्ही संघ हंगामभर अपराजित राहिले. मात्र केरळने दहापैकी तीन सामने जिंकले आणि सात अनिर्णित राखले. विदर्भाने साखळीतील सातपैकी सहा सामने जिंकले आणि ४० गुणांसह गटात अव्वल स्थान मिळवले. उपांत्यपूर्व फेरीत तमिळनाडूला १९८ धावांनी आणि उपांत्य फेरीत गतविजेत्या मुंबईला ८० धावांनी हरवले. म्हणजे दहापैकी आठ निर्णायक विजय.

वैयक्तिक कामगिरीही हेच सांगते. यश राठोडच्या ९६० धावा या हंगामात सर्वाधिक ठरल्या. डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याने ६९ बळी घेत एका रणजी हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला. याआधी हा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनच्या (६८) नावावर होता. दुबेने फलंदाजीतही ४७६ धावांची भर घातली. आदल्या वर्षी वानखेडेवर मुंबईकडून अंतिम सामना १६९ धावांनी गमावलेल्या संघाने एका वर्षात घेतलेली ही झेप आहे. आघाडीच्या नियमाने या वेळी करंडक योग्य हातांत पडला, पण दर वेळी तसेच होईल याची हमी हा नियम देत नाही.

असे याआधी घडले आहे का?

अनेकदा. १९८१-८२च्या अंतिम सामन्यात कर्नाटकने ७०५ धावांचा डोंगर उभारला. दिल्लीने ८ बाद ७०७ धावा करून करंडक नेला. पुढच्याच हंगामात कर्नाटकने आघाडीच्या जोरावर मुंबईला मागे टाकले. २०१९-२०मध्ये राजकोटला सौराष्ट्राने बंगालवर ४४ धावांची आघाडी घेऊन पहिले विजेतेपद मिळवले. विदर्भाची २०१७-१८ आणि २०१८-१९ मधील दोन्ही विजेतेपदे मात्र अंतिम सामन्यातील निर्णायक विजयाची होती.

पर्याय कोणते?

पहिला पर्याय संयुक्त विजेतेपदाचा. जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना अनिर्णित राहिल्यास दोन्ही संघ विजेते ठरतात. पण उपांत्य फेरीत हा मार्ग चालणार नाही, कारण तिथे एकच संघ पुढे जाऊ शकतो. दुसरा पर्याय साखळीतील स्थानाचा. ऑस्ट्रेलियातील शेफिल्ड शिल्डच्या अंतिम सामन्यात बरीच वर्षे अनिर्णित लढतीनंतर गुणतक्त्यातील अव्वल संघाला विजेता मानले जाई. पण त्यामुळे अव्वल संघ पहिल्या चेंडूपासूनच बचावात्मक खेळू शकतो. त्या तुलनेत पहिल्या डावातील आघाडी मैदानावरच, समोरासमोर मिळवावी लागते. ही या नियमाची मोठी जमेची बाजू आहे.

तिसरा पर्याय अंतिम सामन्याला सहावा दिवस देण्याचा. ३८ संघांच्या आणि यंदा टी-ट्वेंटी व एकदिवसीय स्पर्धांसाठी मध्येच दोन टप्प्यांत विभागलेल्या हंगामात प्रत्येक सामन्याला जादा दिवस देणे अशक्य आहे. पण अंतिम सामना एकच असतो. त्याला एक दिवस वाढवून दिला, तर आघाडी मिळालेल्या संघाला केवळ वेळ काढून करंडक जिंकणे कठीण होईल आणि पिछाडीवरील संघाला चौथ्या डावाची आशा राहील. सहा दिवसांनंतरही निकाल लागला नाही, तर पहिल्या डावातील आघाडी आहेच.

खेळपट्ट्यांचा मुद्दाही याला जोडून येतो. अहमदाबादेत पाचव्या दिवशीही दोन्ही संघ पहिल्या डावातील आघाडीसाठीच झगडत होते. गोलंदाजांना काहीच मदत नसलेल्या खेळपट्टीवर आघाडीचा नियम हा तोडगा न राहता सामन्याचा एकमेव उद्देश बनतो. बाद फेरीच्या खेळपट्ट्यांकडे लक्ष दिले, तर नियम न बदलताही अधिक सामने निकाली निघू शकतील.

तूर्त नियम कायम आहे आणि त्याचा धडा संघांनी घेतला असेल. या हंगामात अखेरच्या गड्याच्या ८१ धावा आणि हेल्मेटवरून उडालेला एक झेल एका संघाला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेला. पुढच्या हंगामाची तयारी करताना प्रत्येक प्रशिक्षक अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजालाही नेट्समध्ये जास्त वेळ देईल, तो यामुळेच.